अक्काच्या फोनमधली खरखर

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी सकाळी साडेसहाला माझ्या थोरल्या बहिणीने मी जळगावहून पाठवलेले ॲप तिच्या नव्या फोनवर उघडले. मायक्रोफोनचे चिन्ह हिरवे झाले. तिने इअरफोन कानात घातला आणि मेहुण्यांना समोर बसवून बोलायला सांगितले. त्यांचा एकही शब्द तिला कळला नाही. नुसती खरखर ऐकू आली.

सहा चाळीसला तिचा व्हॉइस मेसेज आला. फोनवरचे बोलणे तिला नीट कळत नाही, त्यामुळे आमची पद्धत ठरलेली आहे: ती बोलून पाठवते, मी लिहून उत्तर देतो.

"भाऊ, या समोर बसी बोली ऱ्हायनात, पन माले एक शब्द समजत नही. तव्यावर तीळ तडतडतस, तितलंच आयकू येस."

मी लिहिले, ‘दोन दिवस दे.’ प्रत्यक्षात नऊ लागले.

अक्का नरडाण्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षे तिने पहिलीचाच वर्ग घेतला. तिच्या दोन्ही कानांनी ऐकू येणे हळूहळू कमी होत गेले. कानाचे मशीन आहे आणि घरात ती ते लावते. शाळेत मात्र पंखा, बाक ओढल्याचा आवाज, रस्त्यावरचा ट्रॅक्टर आणि तीसेक मुलांचा गलका हे सगळे मशीन सारख्याच जोराने कानात ओतते, म्हणून तिथे ती ते काढून डबीत ठेवते. मोठ्या वर्गातले मूल वहीत लिहून दाखवू शकते. पहिलीतले मूल बोलूनच दाखवते. ते बरोबर बोलले की चूक, हे बाईंना ऐकू यावे लागते.

तीन वर्षे हे काम एका ॲपवर भागत होते. ते भुसावळच्या एका निवृत्त माणसाने तयार केले होते. नोकरीत असताना हे गृहस्थ दीपनगरच्या वीजनिर्मिती केंद्रात मोजमापाच्या उपकरणांच्या विभागात होते. पत्नीला कमी ऐकू येऊ लागले तेव्हा त्यांनी हा प्रोग्राम लिहिला आणि ज्याला हवा त्याने घ्यावा म्हणून इंटरनेटवर ठेवून दिला. फोनचा माइक समोरच्याचा आवाज घेतो, प्रोग्राम त्यातून पंख्यासारखे एकसारखे चालणारे आवाज वजा करतो आणि उरलेले बोलणे इअरफोनमध्ये देतो. मी तेव्हा एका दैनिकात होतो. मी त्यांच्यावर बातमी केली, ती तिसऱ्या पानावर सोळा ओळींत छापून आली, आणि ॲप मी अक्काच्या फोनवर टाकून दिले. पुढे वर्तमानपत्र सोडून मी सॉफ्टवेअरच्या नोकरीत आलो. त्या गृहस्थांना मी नाना म्हणतो.

वर्गात फोन टेबलावर पेनांच्या डब्याला टेकवून उभा असतो. ज्याची वाचायची पाळी असेल ते मूल टेबलाशी येते, फोनकडे तोंड करते आणि वाचते. मुले याला ‘बाईंच्या कानात बोलणं’ म्हणतात.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तो फोन कपडे भिजवलेल्या बादलीत पडला. मेहुण्यांनी धुळ्याहून नवा आणला. नव्या फोनने ॲप घेतले नाही. ॲप बत्तीस बिटांचे होते आणि हा फोन फक्त चौसष्ट बिटांचे प्रोग्राम चालवणारा निघाला. मेहुण्यांनी जुन्या फोनच्या दुकानातून जुन्या बनावटीचा एक आणून पाहिला, त्याचा माइक बंद होता.

सुटी होती तरी त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी अक्काला बोलावून घेतले. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकाने म्हटले होते की बाईंना मुलांचे ऐकू येत नाही. मुख्याध्यापकांनी ते वर कळवले होते. शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी केंद्रप्रमुख तिचा वर्ग बघायला येणार होते. त्यांच्या अहवालावरून दोनपैकी एक ठरणार होते. एक तर अक्का पहिलीवर राहील, नाहीतर तिला वर्गावरून काढून तालुक्याला ऑनलाइन माहिती भरायला बसवतील. मुख्याध्यापक तिला समजावून म्हणाले, "बसून काम आहे बाई. कोणाचं ऐकायचं नाही, कोणाला ऐकवायचं नाही. आराम."

हे मला सांगून अक्काने पुढे म्हटले होते, "आराम माले नको शे भाऊ. माले मन्हा पोरे पाह्यजेत."

मी नानांना फोन केला. त्यांनी सगळा सोर्स कोड एका झिप फाइलमध्ये पाठवला. सोबत एक ओळ होती: ‘स्क्रिप्ट चालव, बाकी ती करते.’

ॲपचा पडद्यावर दिसणारा भाग सोपा आहे. आवाजाचे खरे काम आत एक लायब्ररी करते आणि ती सी भाषेत लिहिलेली आहे. ती तयार होते संगणकावर, चालते फोनमध्ये. दोघांचे प्रोसेसर वेगळे असतात, त्यामुळे एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्राला कळतील अशा सूचनांमध्ये ती बांधावी लागते. हे काम टप्प्याटप्प्याने करणारी एक बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे बांधणीच्या हुकमांची यादी, नानांनी लिहिली होती. ती सुमारे चारशे ओळींची होती आणि गेली काही वर्षे तिला कोणी हात लावलेला नव्हता.

शाळा उघडण्याच्या आधीचे चार दिवस ती स्क्रिप्ट नुसती चालती करण्यात गेले. कोडचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या ज्या कंपायलरला ती हाक मारत होती, तो नव्या साधनसंचातून काढून टाकलेला होता. त्याच्या जागी दुसरा घातला, तर त्याने जुन्याचे निम्मे पर्याय ओळखले नाहीत. नानांच्या घरच्या संगणकावरच्या फोल्डरांचे पत्ते स्क्रिप्टमध्ये जागोजागी लिहिलेले होते. मी नऊ ठिकाणी बदलले. आणखी दोन होते. ते दोन्ही वेळा बिल्ड वीस मिनिटे चालून थांबल्यावर सापडले.

एका टप्प्यात स्क्रिप्ट एक छोटा प्रोग्राम तयार करून तो चालतो का ते बघत होती. तो प्रोग्राम फोनसाठी बांधलेला, चालवून बघितला जात होता संगणकावर. तो चालला नाही की स्क्रिप्ट कंपायलर नादुरुस्त असल्याचे सांगून थांबत होती. कंपायलर ठीक होता. त्या एका टप्प्याने शनिवार पूर्ण घेतला.

रविवारी संध्याकाळी स्क्रिप्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत गेली. नानांनी पडद्यावरचे संदेश मराठीत लिहिले होते. शेवटच्या चार ओळी अशा होत्या:

गणित भाग तयार.
गाळणी भाग तयार.
जोडणी तयार.
लायब्ररी तयार.

सोमवारी सकाळी खरखर आली.

ऑफिस दहाचे होते. मी रोज पाचला उठून नऊपर्यंत काम केले. मंगळवारी माइकवर संशय घेतला. नवे फोन सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाज मोजतात, नानांचा प्रोग्राम चव्वेचाळीस हजार शंभर वेळा मोजतो. मी ते जुळवले, सगळे साफ करून पुन्हा बांधले. खरखर तशीच राहिली. बुधवारी फोनवरच संशय घेऊन ॲप माझ्या फोनवर घातले. त्यातही खरखर होती, म्हणजे अक्काच्या फोनचा दोष नव्हता. गुरुवारी लायब्ररी बाजूला ठेवून माइकचा आवाज सरळ इअरफोनमध्ये दिला. खिडकीखालच्या भाजीवालीचे ‘गिलके, दोडके’ स्वच्छ ऐकू आले. माइक आणि इअरफोनही सुटले. दोष लायब्ररीच्या आत होता.

दर वेळी नवी लायब्ररी बांधायला अर्धा तास लागे. दर वेळी आधी मी स्क्रिप्टला ‘साफ’ हा हुकूम देत होतो, म्हणजे आधीचे काही शिल्लक राहू नये. दर वेळी पडद्यावर त्याच चार ओळी उमटत होत्या. माझे लॅपटॉपवरचे बोलणे शेजारच्या खोलीत ऐकू जात होते, हे मला पत्नीने शुक्रवारी सांगितले. काय बोललो ते तिने सांगितले नाही.

संध्याकाळी अक्काचे मेसेज येत होते. बुधवारचा असा होता:

"आज एक पोरगी टेबलजोडे ईसन बोलनी. मी तिले तीन डाव इचारं, काय म्हनस बेटा? चौथा डावले ती म्हने, जाऊ द्या बाई."

मेसेजच्या शेवटी ती हसली होती. गुरुवारचा मेसेज चार शब्दांचा होता. "व्हयनं का रे भाऊ?"

मी लिहिले, ‘नाही.’

शुक्रवारी मी आवाज गाळणाऱ्या भागाचा कोड ओळ न ओळ वाचला. चूक सापडली नाही. शनिवारी लायब्ररीला माणसाच्या आवाजाऐवजी शिट्टीसारखा एकच सूर दिला. बाहेर सूर यायला हवा होता. खरखर आली. कोडमध्ये चूक दिसत नव्हती आणि उत्तर चुकीचे येत होते. केंद्रप्रमुखांच्या भेटीला पाच दिवस राहिले होते. मी रविवारी सकाळच्या गाडीने भुसावळला गेलो.

नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"आला? बोल, काय मोडलं माझं?"

"मोडलं काही नाही, नाना. बांधलं जातंय. आवाज येत नाही."

"मंग मी नाही मोडलं. तू मोडलं."

आत गेलो. मी लॅपटॉप उघडून आठवड्याचे सगळे सांगितले. ते चष्मा कपाळावर ठेवून ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले, भाजीवालीबद्दल. "तिचं ऐकू आलं ना? मंग माइक सोडून दे." मी तो गुरुवारीच सोडला होता.

मग त्यांनी विचारले, "साफ केलं होतं?"

"रोज."

"कोणतं साफ?"

"तुमचंच. स्क्रिप्टला ‘साफ’ म्हटलं की होतं ते."

नाना हसले. "ते बठ्ठं, सगळंच, साफ नाही करत रे भाऊ. लाइट जायची ना आमची!"

त्यांनी सांगितले ते असे. स्क्रिप्ट लिहिली तेव्हा त्यांच्या भागात दिवसा ठरावीक वेळी वीज जात होती आणि ठरावीक वेळेआधीही जात होती. त्यांच्या जुन्या संगणकाला गणिताचा भाग बांधायलाच तासभर लागे. अर्ध्यात वीज गेली की सगळे पहिल्यापासून करावे लागे. म्हणून त्यांनी स्क्रिप्टला एक सवय लावली. एखादा टप्पा पुरा झाला की ती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये त्या टप्प्याच्या नावाची रिकामी फाइल ठेवी. पुढच्या वेळी ती फाइल दिसली की तो टप्पा सोडून पुढचा घेई. वीज आली की काम सोडले होते तिथून पुढे सुरू. गणिताच्या भागाचा तास पुन्हा जाऊ नये, म्हणून ‘साफ’ या हुकमातून तेवढा भाग आणि त्याची रिकामी फाइल वगळली होती.

"म्हणजे पडद्यावर ‘गणित भाग तयार’ येतं, ते आत्ता तयार केला म्हणून, की आधीपासून पडलेला आहे म्हणून?"

"दोन्हीला तेच येतं."

"वेगळं का नाही लिहिलं?"

"कायले? मले माहीत होतं ना. मी एकटाच तर वापरायचो."

फोल्डर उघडले. त्यात एकच रिकामी फाइल अशी होती जिची तारीख या आठवड्यातली नव्हती. ती पाच वर्षांपूर्वीची होती आणि गणिताच्या भागाची होती. नानांना थोड्या वेळाने आठवले. त्यांनी तेव्हा चौसष्ट बिटांची लायब्ररी बांधायला घेतली होती. गणिताचा भाग झाला, तेवढ्यात त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, डोळ्याचे ऑपरेशन निघाले आणि पुढचे राहून गेले. तो भाग त्यांनी जुन्या पद्धतीने, पूर्णांकांत हिशेब करणारा बांधला होता. नव्या फोनसाठी दशांश बरे, म्हणून मी स्क्रिप्टच्या डोक्यावर दशांशाचा पर्याय लिहिला होता. उरलेली लायब्ररी त्याप्रमाणे बांधली गेली. गणिताचा भाग ‘तयार’ असल्याने स्क्रिप्टने त्याला हात लावला नाही. एक भाग दशांश पाठवत होता, दुसरा ते पूर्णांक समजून वाचत होता. दोन्हींतल्या कामांची नावे तीच असल्याने जोडणी विनातक्रार होत होती.

स्क्रिप्टमधला तो तुकडा मी आधी वाचला होता. रिकाम्या फाइली कशासाठी आहेत हे मला कळलेही होते. झिप फाइलमधून त्यातली एक आधीच माझ्याकडे आली आहे, हे मी तपासले नव्हते.

मी म्हटले, "नाना, हे फोल्डरच काढून टाकतो."

"काढू नको. लाइट गेली म्हणजे?"

"आता पूर्वीसारखी जात नाही."

"तू जळगावले राहतो. तुले काय माहीत?"

मी काढून टाकले. अकरा वाजून पाच मिनिटांनी पहिल्यापासून बिल्ड सुरू केले. माझ्या लॅपटॉपची बॅटरी वर्षभरापूर्वी संपलेली आहे, तो वायर लावल्याशिवाय चालत नाही. अकरा वाजून एकतीस मिनिटांनी पंखा थांबला आणि लॅपटॉप बंद झाला.

नानांनी वर्तमानपत्राची घडी घालून स्वतःला वारा घ्यायला सुरुवात केली.

काकू स्वयंपाकघरातून आल्या. "काय झालं?"

नाना मोठ्याने म्हणाले, "याची लाइट गेली!"

"आपली बी गेली," काकू म्हणाल्या.

वीज येईपर्यंत वाद चालला. नानांचे म्हणणे, रिकाम्या फाइली राहिल्याच पाहिजेत. माझे म्हणणे, त्यांच्यामुळे सात दिवस गेले. ते म्हणाले, फाइलींमुळे नाही, न बघता पुढे गेल्यामुळे गेले. मी म्हणालो, बघायला पडद्यावर काही लिहिलेले तरी हवे. ते म्हणाले, "तू पेपरमध्ये होता ना? मंग दुसऱ्यानं सांगितलं आणि तू छापलं, असं कसं?" जेवण झाले. शेवटी असे ठरले की फाइली राहतील, पण प्रत्येकीच्या नावात प्रोसेसर आणि निवडलेला पर्याय दोन्ही येतील. त्यातले एक जरी बदलले तरी स्क्रिप्ट तो टप्पा नव्याने करील. पडद्यावर ‘आधीचाच वापरला’ आणि ‘आता बांधला’ अशा दोन वेगळ्या ओळी येतील. दुसऱ्या ओळीला नानांचा शेवटपर्यंत विरोध होता. त्यांच्या मते त्याने पडदा भरून जातो.

तीन वाजता वीज आली. बदल लिहायला पाऊण तास लागला. गणिताच्या भागासकट बिल्डला चाळीस मिनिटे लागली. साडेचारला लायब्ररी माझ्या फोनमध्ये गेली. इअरफोन काकूंना दिला. नाना समोर बसून सकाळच्या वर्तमानपत्रातली केळीच्या भावाची बातमी वाचू लागले, नेहमीप्रमाणे ओरडून.

"हळू वाचा," काकू म्हणाल्या. "गल्लीले कायले सांगता?"

नानांनी आवाज उतरवला. काकूंनी त्यांच्यामागे एक वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले, मग दुसरे. खरखर नव्हती.

सोमवारी सकाळी ॲप अक्काला पाठवले. तिने ते चढवले नाही. फोनने तिला लाल अक्षरांत हे ॲप हानिकारक असू शकते असे सांगितले. आदल्या सोमवारी पाठवलेल्या ॲपला त्याने असे म्हटले नव्हते. मधल्या आठवड्यात फोनने स्वतःला अद्ययावत करून घेतले होते. शाळेत महिन्यापूर्वीच ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान झाले होते.

"हाऊ फोन म्हनस खराब शे. तू म्हनस चांगलं शे. मी कोनं आयकू?"

मी पायऱ्या लिहून पाठवल्या. मी सांगितलेल्या नावाची सेटिंग तिच्या फोनमध्ये नव्हती. तिने पडद्याचे फोटो पाठवले, पण पाहिजे तो पडदा त्यात नव्हता. मंगळवारी मेहुण्यांनी प्रयत्न केला आणि फोनची भाषा बदलून ठेवली. बुधवारी मी रजा टाकली आणि सुरत मार्गाच्या पॅसेंजरने नरडाण्याला उतरलो. मेहुणे मोटरसायकल घेऊन आले होते. रस्ताभर ते भाषा कशी बदलली ते समजावत होते.

शाळेत मधली सुटी होती. व्हरांड्यात बसून भाषा मराठी केली, परवानगी दिली, ॲप चढवले. चार मिनिटे लागली. अक्काने इअरफोन घातला. मुले जमलीच होती.

"हे कोण बाई?"

"मन्हा भाऊ शे. पाय पडा." कोणी पडले नाही.

घंटा झाल्यावर मी वर्गात मागे बसलो. पहिली मुलगी टेबलाशी आली आणि धडा वाचू लागली. अक्का तिच्याकडे न बघता फळ्यावर तारीख लिहीत होती. तिसऱ्या ओळीत मुलीने ‘शेत’ऐवजी ‘सेत’ म्हटले. अक्का फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली, "शेत. पुन्हा म्हण." मुलीने पुन्हा म्हटले. मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "बाईंना ऐकू येऊ लागलं." दोघांनी लपवून खात असलेली बोरे खिशात टाकली.

बाराव्या मिनिटाला आवाज तुटला. अक्काने हात वर करून मला खूण केली. पडदा विझल्यावर फोन बॅटरी वाचवण्यासाठी माइक बंद करत होता. मी त्या ॲपपुरती ती बचत बंद केली आणि तास संपेपर्यंत, अठ्ठावीस मिनिटे, घड्याळ लावून बसलो. पुन्हा तुटला नाही. दोन पंचवीसला अक्का म्हणाली, "आते जाय. गाडी चुकी जाई." जळगावच्या गाडीला दीड तास होता.

गुरुवारी मी तेथे नव्हतो. त्या दिवसाचे अक्काने आणि मुख्याध्यापकांनी वेगवेगळे सांगितले. दोघांचे जुळते तेवढे असे: केंद्रप्रमुख सव्वाअकराला आले. मागच्या बाकावर बसले. सात मुलांनी वाचले. अक्काने त्यांतल्या तिघांच्या चुका सुधारल्या. केंद्रप्रमुखांनी टेबलावरचा फोन कशासाठी आहे ते विचारले आणि इअरफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. जाताना दाराशी पाठमोरे असताना त्यांनी तिला काहीतरी विचारले. मुख्याध्यापकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी पट विचारला. अक्काच्या म्हणण्याप्रमाणे पाणी मिळेल का असे विचारले. तिने उत्तर दिले, याबद्दल दोघांचे एकमत आहे. पाणी दिले गेले का, हे मुख्याध्यापकांना आठवत नाही.

शेरेबुकातल्या नोंदीचा फोटो मुख्याध्यापकांनी मला पाठवला. ‘इयत्ता पहिलीचा वर्ग पाहिला. विद्यार्थ्यांचे वाचन घेतले. शिक्षिका फोनच्या साहाय्याने ऐकतात. अहवाल स्वतंत्र सादर करीत आहे.’ खाली सही आणि तारीख आहे.

अहवालात काय आहे हे शाळेला कळवलेले नाही. मी मुख्याध्यापकांना शुक्रवारी विचारले आणि शनिवारी पुन्हा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी वरून कागद आला की सांगतो असे म्हटले. रविवारी नानांनी दुरुस्त स्क्रिप्ट मूळ कोडबरोबर इंटरनेटवर टाकली. ‘आधीचाच वापरला’ ही ओळ त्यांनी ठेवली. ‘आता बांधला’ ही काढून टाकली.

सोमवारी सकाळी अकरापर्यंत तालुक्याहून कागद आला नव्हता. पहिलीच्या हजेरीपटावर त्या दिवशी एकोणतीस मुले हजर आहेत आणि खाली सही अक्काची आहे.